बोलोन्याचा चौक, आत्या आणि 'शोले': इंदूरहून गेलेल्या सिनेवेड्याची सुटी

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिहू लिहू म्हणता दिवाळी उलटली, म्हणून आज बसलोच. २०२५च्या जूनमध्ये आत्याला घेऊन इटलीतल्या बोलोन्याला जाऊन आलो. रोम, व्हेनिस, पिसा काहीच पाहिलं नाही. नऊ दिवस एकाच गावात राहिलो, कारण तिथे जूनअखेरीला जुन्या सिनेमांचा महोत्सव भरतो: इल चिनेमा रित्रोवातो, म्हणजे 'पुन्हा सापडलेला सिनेमा'. १९८६ साली सुरू झाला, २०२५चं एकोणचाळिसावं वर्ष. हरवलेल्या, जळालेल्या, कुजत चाललेल्या फिती शोधायच्या, धुवायच्या, सांधायच्या आणि पुन्हा पडद्यावर आणायच्या, हे या गावाचं काम. उदय शंकर यांचा १९४८चा 'कल्पना' तिथेच दुरुस्त झाला. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या, त्याही तिथल्याच प्रयोगशाळेत हाताने सोडवून, ओलावा देऊन पुन्हा वापरता येतील अशा केल्या. मला ही प्रयोगशाळेची गावं देवस्थानासारखी वाटतात. बारा वर्षं पैसे साठवत होतो.

आत्या बरोबर का? तिने इंदूरच्या रामबागेत बावीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. सिनेमा तिला आवडतोच, पण बोलोन्या हे इटलीचं खाण्याचं गाव आहे हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मला तिथलं पीठ बघायचंय." गावाची तीन टोपणनावं आहेत: विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. विद्यापीठ १०८८ पासूनचं म्हणून विदुषी. विटा आणि कौलांचा रंग म्हणून तांबडी. लठ्ठ कशामुळे ते पहिल्या दुपारी कळलं.

मुख्य चौक पियाझ्झा माज्जोरे. त्याला लागून क्वाद्रिलातेरो नावाच्या बोळांचं जाळं. आपल्याकडे राजवाड्याला लागून सराफा आहे, अगदी तसं. तिथे एका दुकानाच्या काचेमागे एक बाई उभी राहून पीठ लाटत होती. अशा बायकांना स्फोलीना म्हणतात. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, बाकी पाणी नाही, मीठही बहुतेक नाही. लाटणं जवळजवळ मीटरभर लांब, दोन्ही बाजूंना सारखं जाड. पोळपाट म्हणजे भलीमोठी लाकडी फळी. पोळी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते, बाई पोटाने ती दाबून धरते आणि लाटण्यावर गुंडाळत, ओढत, फिरवत पातळ करत नेते. आत्या काचेला नाक लावून उभी. अर्धा तास. मी म्हटलं, चल, साडेतीनचा सिनेमा आहे. ती म्हणाली, "तू जा. ही कडा कशी काढते ते बघून येते."

मी संध्याकाळी परत आलो तेव्हा आत्या काचेच्या आतल्या बाजूला होती.

भाषा दोघींची कुठेच जुळत नव्हती. आत्याने पिशवीतून फोन काढून आपल्या पुरणपोळीचा व्हिडिओ दाखवला होता, त्यावर त्या बाईने तिला आत बोलावून लाटणं हातात दिलं. आत्याच्या हाताला आपलं छोटं, मधे फुगीर लाटणं सवयीचं, त्यामुळे पहिल्या दोन पोळ्या मधे पातळ आणि कडेला जाड झाल्या. तिसरी जमली. त्या बाईने ती उचलून उन्हाकडे धरली आणि काहीतरी म्हणाली. शेजारच्या मुलाने इंग्रजीत सांगितलं: इथे म्हण आहे, पोळीतून सान लुका दिसलं पाहिजे. सान लुका म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं देऊळ, ज्याच्यापर्यंत ६६६ कमानींचा छपराखालचा रस्ता जातो. आत्याने रात्री मला सांगितलं, आपल्याकडेही पुरणपोळीची पारी अशीच बघतात, फक्त देवळाचं नाव घेत नाहीत. निघताना तिने त्या बाईला जीरावन या इंदुरी मसाल्याची पुडी दिली. त्या बाईने चाटून बघितली, डोळे मोठे केले आणि पुडी गल्ल्याशेजारी ठेवली.

या कापलेल्या पोळीच्या पट्ट्या म्हणजे तालियातेल्ले. पट्टी किती रुंद असावी हे तिथल्या व्यापारी मंडळात १९७२ साली सोन्याचा नमुना ठेवून ठरवलंय: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. जगभर ज्याला 'स्पगेटी बोलोनेझ' म्हणतात ते या गावात कोणी खात नाही. रागू नावाची मांसाची आमटीवजा सामग्री याच रुंद पट्ट्यांवर घालतात, कारण अंड्याची खडबडीत पोळी ती धरून ठेवते आणि गुळगुळीत स्पगेटीवरून ती घसरते. आम्ही दोघं अंडं खातो, मांस नाही. म्हणून आमचं रोजचं जेवण तोर्तेल्लोनी, म्हणजे सारण भरलेली पास्ता: आत रिकोत्ता नावाचं मऊ चीज, वरून लोणी आणि सेजची कुरकुरीत पानं. पहिल्या घासाला आत्या म्हणाली, "मोदक उकडीचा नाही, पण हात मोदकाचाच आहे."

आता सिनेमा. सकाळी नऊला सुरू, मध्यरात्री संपतो. पन्नासेक वर्षांपूर्वीचं, शंभर वर्षांपूर्वीचं, सगळं एका दिवसात. चौकाच्या खालीच मोदेर्निस्सिमो नावाचं १९१५ सालचं भूमिगत थिएटर आहे. बंद पडलं होतं, २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. दुपारच्या उन्हातून (तेव्हा छत्तीस-सदतीस अंश होतं, आपल्याला सवय आहे तरी तापत होतं) पायऱ्या उतरून त्या लाल खुर्च्यांत बसणं मला आयुष्यभर आठवेल. पण माझ्यासाठी सगळ्यांत मोठी रात्र दिग्दर्शक पाझोलिनीच्या नावाच्या छोट्या चौकातली. तिथे जुनं कार्बनवर चालणारं सिनेमाचं मशीन बाहेर अंगणात ठेवतात आणि मूकपट दाखवतात, पियानोवाला पडद्याकडे बघत तिथल्या तिथे वाजवतो. मशीनच्या धुराड्यातून धूर निघत होता. पडद्यावरचा पांढरा रंग श्वास घेतल्यासारखा किंचित कमी-जास्त होत होता. डिजिटलचा पांढरा स्थिर असतो, हा जिवंत होता.

आणि २७ जून, शुक्रवार. आमची तिकिटं काढून झाल्यावर बातमी आली होती की दुरुस्त केलेला 'शोले' पूर्ण स्वरूपात, मूळ शेवटासह, पहिल्यांदा जगापुढे येणार तो मुख्य चौकात, पियाझ्झा माज्जोरेत. आत्या १९७५ला एकवीस वर्षांची होती. तिने तो इंदुरात तेव्हा पाच वेळा पाहिला. पानाच्या टपऱ्यांवर गाण्यांऐवजी संवादांच्या तबकड्या वाजत, हे ती अजून सांगते. लिहिणाऱ्या दोघांपैकी सलीम खान आपल्या इंदूरचे, त्याचाही तिला अभिमान. चौकात खुर्च्या फुकट, म्हणून आम्ही संध्याकाळी साडेसहालाच जाऊन बसलो. पावणेदहाच्या सुमाराला अंधार पडला. सान पेत्रोनिओ चर्चच्या अर्धवट राहिलेल्या दर्शनी भिंतीपुढच्या चौकात, खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा अशी ती भिंत, हजारो माणसं. शेजारी सत्तरीचं इटालियन जोडपं. ट्रेनचा प्रसंग सुरू झाला तेव्हा त्या बाईने नवऱ्याचा हात धरला, तो दोन तास सोडला नाही.

शेवट सगळ्यांना माहीत आहे असं आपण पन्नास वर्षं समजत होतो. ठाकूर गब्बरला तुडवतो, पोलीस येतात, थांबवतात. मूळ शेवटात पोलीस येत नाहीत. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी त्याला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने ते बदलायला लावलं होतं. पडद्यावर ते घडलं आणि आत्याने तोंडावर पदर धरला. सिनेमा संपला तेव्हा एक वाजून गेला होता. टाळ्या थांबत नव्हत्या. ती बसूनच राहिली. मग म्हणाली, "ठाकूर शेवटी रडतो रे. मारल्यावर रडतो. आम्हाला त्यांनी हे रडणं कधी दाखवलंच नाही."

मला हेच सांगायचं होतं म्हणून धागा काढला. फिती जपणं म्हणजे नुसती वस्तू जपणं असं मी समजत होतो. आत्याचं वाक्य ऐकल्यावर मला त्याचा खरा अर्थ लागला.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो हळूहळू टाकतो.

---

स्नेहलतागंज_काकू

फार सुंदर लिहिलंस रे. आत्यांना माझा नमस्कार सांग, त्यांच्या केंद्रातल्या गुळाच्या पोळ्या आमच्याकडे संक्रांतीला यायच्या. आमचा पुढच्या वर्षीचा विचार आहे, पण 'ह्यांना' अंडंही चालत नाही. तिथे उपाशी राहतील का? आणि चीज शाकाहारी असतं ना?

---

रामबागकर

काकू, उपाशी राहणार नाहीत, पण दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

ताजी, हाताने लाटलेली पास्ता म्हणजे अंडं असणारच. कोरडी, पाकिटातली स्पगेटी किंवा पेन्ने रव्यासारख्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची असते, ती चालेल. मेन्यूवर 'पास्ता फ्रेस्का' असेल तर ती टाळायची.

चीजबद्दल स्पष्ट सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. पार्मिज्यानो रेज्यानो बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरावंच लागतं, तो त्याच्या नियमाचाच भाग आहे. दुसरं कुठलंही घातलं तर ते नाव लावता येत नाही. म्हणजे काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. 'सेन्झा फोर्माज्ज्यो' म्हणजे चीजशिवाय, हे वाक्य पाठ करा. पिझ्झा मारिनारा घ्या, त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नसतंच. तळलेल्या क्रेशेन्तीने, म्हणजे आपल्या फुगलेल्या पुरीच्या चौकोनी बहिणी, दिसायला निर्दोष, पण पीठात किंवा तळणात डुकराची चरबी असते, विचारून घ्या. कांदा-टोमॅटो तास-तास शिजवलेली फ्रिज्जोने नावाची भाजी आहे, तिच्यातही पूर्वी चरबीच घालत, हल्ली तेलात करणारे मिळतात. मेर्कातो देल्ले एर्बे नावाची छपराखालची मंडई आहे, तिथून फळं, पाव, टोमॅटो आणून खोलीवर खाणं सगळ्यांत सोपं.

आणि जेवणाची वेळ पाळा. दुपारी अडीचला स्वयंपाकघरं बंद होतात, रात्री साडेसातशिवाय उघडत नाहीत. मी दोन दिवस सिनेमाच्या नादात जेवण चुकवलं. आत्याने माझ्यासाठी डब्यात चिवडा ठेवला होता, त्यावर निभावलं.

---

मांडवीजवळ (वडोदरा)

खर्चाचा अंदाज द्याल का? आणि महोत्सवाचे पास आधी घ्यावे लागतात?

---

रामबागकर

पासचे दर दर वर्षी बदलतात, संकेतस्थळावर बघा. चौकातले रात्रीचे खेळ फुकट असतात, आणि महोत्सव संपला तरी उन्हाळाभर चालू राहतात. राहण्याचं मात्र सहा महिने आधी ठरवा, महोत्सवात खोल्या मिळत नाहीत. कॉफी उभ्याने काउंटरवर प्या, टेबलावर बसलात की दर वाढतो. मिलान किंवा फ्लोरेन्सला उतरून ट्रेनने यायचं. मिलानहून वेगवान गाडी तासाभरात आणते.

जाताना आमची एक बॅग विमान कंपनीने दोन दिवस उशिरा दिली, आणि नेमक्या तिच्यात औषधं होती. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. एवढंच.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

लेख वाचून आनंद झाला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो.

मी 'शोले' १९७६ साली ग्वाल्हेरला पाहिला. तेव्हापासून पन्नास वर्षं आमच्या मनात जो सिनेमा आहे तो पोलीस येतात तोच आहे. कायद्याने ठाकूरला अडवलं, ही गोष्ट मला तेव्हा मोठी वाटली होती, आजही वाटते. माझे वडील न्यायालयात होते. ते म्हणायचे, सूड घेणारा माणूस शेवटी थांबला, यातच कथेची उंची आहे. सेन्सॉरने जबरदस्तीने बदललं हे मान्य. पण बदललेला सिनेमाच लोकांनी आपलासा केला. मग 'खरा' कोणता? दुरुस्ती करणाऱ्यांनी दोन्ही जपले पाहिजेत, नाहीतर आमच्या पिढीने पाहिलेला सिनेमा हरवलेल्यांत जमा होईल.

---

रामबागकर

तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं. जुनं प्रदर्शित स्वरूप जपलंच पाहिजे. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला सिनेमा तोच होता.

पण एक सांगतो. तुमच्या वडिलांनी जे पाहिलं, ते थांबणं लेखकांचं नव्हतं, सेन्सॉरचं होतं. आत्याने त्या रात्री जे पाहिलं ते लेखक-दिग्दर्शकाचं. तिला त्यात सूडाचा आनंद दिसला नाही, तिला रिकामा माणूस दिसला. दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहता आले तर आपण ते भांडण नीट करू शकतो. एकच उरला असता तर भांडायलाही जागा नव्हती.

---

ऑपरेटरची_लेक

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते, कारण कार्बनच्या मशीनचं वाचून दोनदा उठून पाणी प्यायले.

माझे बाबा इंदूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, एकोणतीस वर्षं. टॉकीज आता नाही, तिथे दुकानं आहेत. लहानपणी रविवारी मी डबा द्यायला केबिनमध्ये जायची. दोन मशीन शेजारी शेजारी. प्रत्येकात कार्बनच्या दोन कांड्या, तांब्याचं पाणी चढवलेल्या. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्यांची टोकं एकदा टेकवायची आणि लगेच थोडी दूर करायची, की मधे तो पांढरा जाळ उभा राहतो. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, ते सारखं सांभाळावं लागतं. अंतर वाढलं तर पडद्यावर निळसर अंधार, कमी झालं तर पिवळा. रामबागकर म्हणतात तो 'श्वास' म्हणजे बाबांचा हात होता. प्रेक्षकांना कळायचं नाही, पण मला खाली बसून कळायचं, बाबांनी आत्ता कांडी सारली.

दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याच क्षणी बदल. बाबांचा बदल कधी दिसला नाही. घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला तरी त्यांची नजर त्या कोपऱ्यावरच असायची.

उरलेले कार्बनचे तुकडे आम्ही पोरं घेऊन जायचो आणि अंगणात फरशीवर अक्षरं काढायचो.

इंदूर तेव्हा सी.आय. सर्किटचं, म्हणजे सेंट्रल इंडिया या सिनेवितरणाच्या विभागाचं, मोठं केंद्र होतं, वितरकांच्या कचेऱ्या इथेच. प्रिंटच्या पेट्या आगगाडीने आणि बसने गावोगाव जायच्या आणि परत यायच्या. परत आलेली प्रिंट चाळणीसारखी व्हायची. त्या पेट्यांचं पुढे काय झालं, कोणी विचारलं नाही. कित्येक प्रिंट भंगारात गेल्या, चांदीसाठी धुतल्या गेल्या. भारतात मूकपटांच्या काळात सतराशेच्या आसपास सिनेमे निघाले, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. हे मी कुठेतरी वाचलं तेव्हा मला बाबांच्या केबिनचा वास आला.

बाबा २०११ला गेले. ते बोलोन्याच्या त्या अंगणात असते तर मशीनजवळून हलले नसते.

---

रामबागकर

ताई, त्या रात्री मशीनमागे उभ्या असलेल्या माणसाचा फोटो माझ्याकडे आहे. पन्नाशीचा, चष्म्यावर काळी काच धरून जाळाकडे बघतोय. तुमच्यासाठी टाकतो. खाली लोक पडद्याला टाळ्या वाजवत होते आणि शेवटी सगळे मागे वळून त्याला टाळ्या वाजवायला लागले. ते तुमच्या बाबांना हवं होतं तसं वाटतं.

---

मिल_एरिया

नमस्कार. मी परदेशीपुऱ्यात राहतो. धाग्याशी थेट संबंध नाही, अवांतर असेल तर क्षमा.

आमच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत एक पत्र्याचा गोल डबा आहे. वर शाईने 'अनंत चतुर्दशी' एवढंच लिहिलंय. आजोबा कापड मिलमध्ये वीव्हिंगला होते. त्यांच्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्याकडे छोटा सिनेमाचा कॅमेरा होता, असं घरात बोललं जायचं. काल धागा वाचून डबा उघडला. आत फीत आहे, पण जोरात आंबट वास आला, लोणच्याच्या खराब झालेल्या बरणीसारखा. फीत थोडी लाटेसारखी वाकलीय. फेकून द्यायची का? आई म्हणते, घरात आजार पसरेल.

---

रामबागकर

कृपया फेकू नका! आज काहीच करू नका, फक्त हे वाचा.

तो वास व्हिनेगरचा आहे. ॲसिटेटची फीत दमट, गरम जागी राहिली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. ते ॲसिड पुन्हा फितीलाच खातं, म्हणून एकदा सुरू झालं की वेग वाढत जातो. फीत आकसते, वाकते, शेवटी ठिसूळ होते. आजार म्हणाल तर तो फितीला आहे, आणि तो शेजारच्या फितींना लागतो, म्हणून हा डबा इतर फितींपासून, जुन्या फोटो-निगेटिव्हपासून वेगळा ठेवा. माणसांना वास बराच वेळ घेतला तर घसा खवखवतो, खिडकी उघडी ठेवा.

डबा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, ॲसिड आतच कोंडतं. माळ्यावरून उतरवून घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. आणि कुणी जुनं प्रोजेक्टर आणून 'लावून बघू' म्हणालं तर हात धरा. आकसलेल्या फितीची भोकं दात्यांवर बसत नाहीत, पहिल्याच मिनिटाला फाटते.

मला बोलोन्यात या गोष्टीचं फार वाटलं होतं. पलीकडे मोदेनात द्राक्षाच्या रसापासून व्हिनेगर करतात, लाकडी पिंपांत बारा वर्षं, पंचवीस वर्षं मुरवतात, पिढी दर पिढी पिंपं सांभाळतात. आणि इथे प्रयोगशाळेत त्याच वासाच्या फितींवर माणसं वाकून बसलेली. एका ठिकाणी तो वास म्हणजे काळाने केलेली कमाई, दुसऱ्या ठिकाणी काळाने केलेलं नुकसान.

फितीची रुंदी मोजून सांगाल का? सोळा मिलिमीटर असेल तर घाबरण्याचं कारण नाही, घरगुती सोळा मिमी सेफ्टी बेसवरच यायची, भडकणारी नायट्रेट नव्हे. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं दिसेल.

---

मिल_एरिया

मोजली. सोळा. कडेला 'सेफ्टी' आहे, त्याच्याजवळ लहान चिन्हं आहेत, भूमितीतल्या आकृत्यांसारखी. आईला दाखवलं. आई आता म्हणते, आजोबांची वस्तू आहे, नीट कर.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

ती चिन्हं महत्त्वाची आहेत. कोडॅक आपल्या फितीच्या कडेला वर्षाची खूण छापायचं. चक्र वीस वर्षांनी पुन्हा येतं, त्यामुळे एकच उत्तर मिळत नाही, दोन-तीन वर्षं मिळतात. फोटो टाका, माझ्याकडे तक्ता आहे.

---

स्नेहलतागंज_काकू

हा धागा आता माझ्या घरी मोठ्याने वाचला जातोय. 'हे' विचारतायत, पुण्याला फिल्म संग्रहालय आहे ना, ते घेतील का?

---

रामबागकर

हो काकू, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४चं. घरगुती फितीसुद्धा इतिहास असतात, मी त्यांना पत्र पाठवलं आहे. 'कल्पना'ची सामग्रीही तिथूनच बोलोन्याला गेली होती. आणि फितीची किंमत कळायला एक हिशेब सांगतो: सेकंदाला २४ चौकटी. २०४ मिनिटांच्या 'शोले'च्या २ लाख ९३ हजार ७६० चौकटी होतात. त्यातली प्रत्येक कोणीतरी तपासली. तुमच्या डब्यात शंभर फूट असेल तर चार हजार चौकटी. एका माणसाला बघता येतील.

मिल_एरिया, रविवारी सकाळी मी आणि ऑपरेटरची_लेक ताई तुमच्याकडे येऊ का? त्यांनी बाबांची, फीत हाताने गुंडाळायच्या चाकांची जोडी जपून ठेवलीय, भिंग माझ्याकडे आहे. आत्याही म्हणतेय येते.

---

मिल_एरिया

या ना! पोहे-जिलबी आमच्याकडे.

---

ऑपरेटरची_लेक

रविवारचा वृत्तान्त मी लिहिते, रामबागकरांनी परवानगी दिलीय.

खिडक्या उघड्या टाकल्या, पांढरी चादर अंथरली, सुती हातमोजे. बाबांची गुंडाळी मी चौदा वर्षांनी हातात घेतली. फीत अगदी हळू सोडली, एका हाताच्या दोन बोटांत कड धरून. बाबा असंच धरायचे, चित्राला बोट कधी लागायचं नाही. बाहेरचा पहिला वेढा चिकटला होता, तो सोडला नाही, तसाच ठेवला. त्यानंतर फीत मोकळी झाली.

चौकटींमध्ये सकाळ आहे. रात्रभर चालून दमलेली मिलची झांकी, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतला फिरता देखावा, उजाडताना परत येतेय. कागदाचा हत्ती, त्याची सोंड लोंबतेय. कडेला लोक उकिडवे बसलेत, काही झोपलेत. एका बाईच्या कडेवर मूल. चेहरे बारीक आहेत पण स्वच्छ आहेत.

लष्करकरांच्या तक्त्याप्रमाणे खुणेवरून वर्ष १९४८ किंवा १९६८. कुठलं, हे ठरत नव्हतं. मिल_एरियांच्या आई म्हणत होत्या १९४८, कारण आजोबा तेव्हा मिलला लागले. रामबागकर म्हणत होते कपड्यांवरून सांगता येत नाही.

मग आत्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पोहे थंड झाले. मग त्यांनी एका चौकटीवर नखाने, फितीला न टेकवता, दाखवलं. हत्तीच्या मागे भिंतीला टेकून एक स्कूटर उभी होती.

"ही लॅम्ब्रेटा आहे," त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसला इंदुरात कुणाकडे लॅम्ब्रेटा होती? ही अडुसष्टचीच. मी चौदा वर्षांची होते. त्या सकाळी आम्ही सगळ्या मैत्रिणी हत्तीची सोंड तुटली म्हणून रडलो होतो."

फीत पुन्हा सैल गुंडाळून डब्यात ठेवली, झाकण घट्ट न लावता. बुधवारी ती पुण्याला जातेय.